स्पीड वाढला, पिंग तिथंच

गेल्या महिन्यात नाशिकहून भाच्याचा फोन. "मामा, बाबांच्या मागे लागून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला, तरी गेममध्ये लॅग आहेच!"

लॅग म्हणजे बटण दाबल्यावर गेममध्ये परिणाम उशिरा दिसणं, आणि तो बहुतेकदा स्पीडवर नाही, पिंगवर ठरतो. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा येतो ते. पिंग म्हणजे एक छोटासा निरोप सर्व्हरपर्यंत, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत, जाऊन उत्तर घेऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते. देवगडहून आंबे आणायला टेम्पोऐवजी ट्रक लावला तर पेट्या जास्त येतील, पण देवगड काही जवळ येणार नाही.

स्पीडचा उपयोग डाउनलोडला. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वा तासाच्या आत उतरतो, ३०० वर साधारण बावीस मिनिटांत. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, त्यातला बी बिटचा; जीबीतला बी बाइटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच मिळतात. यावरून होणारी भांडणं वेगळीच.) एकदा खेळायला बसलात की तुम्ही कुठे उभे आहात, गोळी कधी झाडली, एवढंच जात-येत राहतं. त्याला १ एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो.

पिंगचं मात्र अंतराशी वैर. फायबरमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या काचेच्या तारेत, प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. म्हणून गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडता येत असेल तर आधी तो निवडा.

स्पीडचा पिंगशी अजिबात संबंध नाही, असंही नाही. घरात कुणाच्या फोनचं फोटो बॅकअप सुरू झालं की अपलोडची वाट भरते, गेमचे निरोप रांगेत अडकतात आणि पिंग चढतो.

भाच्याकडे तसलं काही चालू नव्हतं. त्याला घरातल्याच राउटरला पिंग मारायला लावला. ३, ४, ९०, ४, १२०... निरोप घराबाहेर पडायच्या आधीच धडपडत होता! राउटर हॉलमध्ये, हा दोन भिंतींपलीकडे, तेही २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या वायफायवर. पंधरा मीटरची लॅन केबल आणायला सांगितली. आता आकडा १ वरून हलत नाही.

ताई तेवढी चिडली आहे. केबल हॉलच्या मधूनच गेली आहे.