सापसुरळीच्या खवल्यांवरचे कंगोरे

पन्हाळ्याच्या तटबंदीवर सकाळच्या उन्हात अंग शेकत बसलेली जाडजूड, तुकतुकीत सापसुरळी आणि राधानगरीच्या जंगलात पाचोळ्याखालून सळसळत निघून जाणारी लहानखुरी सापसुरळी या दोन्हींना आपण एकाच नावाने ओळखतो. फार तर 'सापाची मावशी' म्हणतो आणि विषारी समजून काठी शोधतो. वास्तविक कोणतीही सापसुरळी विषारी नसते, आणि या दोघी तर बहुधा वेगवेगळ्या जातींच्या असतात.

या दोन्ही जाती युट्रोपिस या वंशातल्या आहेत. ग्रीक भाषेत 'ट्रोपिस' म्हणजे नौकेचा तळकणा. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर तशाच बारीक उभ्या धारा असतात, म्हणून हे नाव पडले. ओळख पटते तीही या धारांवरूनच. १८०१ मध्ये वर्णन झालेल्या युट्रोपिस कॅरिनाटाच्या खवल्यावर बहुधा तीन कंगोरे असतात, तर आकाराने बऱ्याच लहान असलेल्या युट्रोपिस मॅक्युलॅरियाच्या खवल्यावर पाच किंवा त्याहून अधिक. वायव्य भारतात आढळणाऱ्या युट्रोपिस डिसिमिलिसच्या खालच्या पापणीत चक्क एक पारदर्शक खिडकी असते. रंगावर मात्र विसंबू नये, कारण विणीच्या हंगामात नरांच्या अंगावर लाल-नारिंगी छटा चढते आणि एकाच जातीचे नर-मादी निराळे भासू लागतात.

या वंशात आज चाळीसहून अधिक जाती गणल्या जातात. त्यांपैकी एकीला १९२६ मध्ये आपल्याच राज्यातल्या आलापल्लीचे नाव मिळाले. पूर्वी मात्र आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशिया या तिन्ही खंडांतल्या अशा सापसुरळ्या माबुया या एकाच अवाढव्य वंशात कोंबलेल्या होत्या. २००२ मध्ये डीएनएच्या आधारे त्या वंशाचे चार तुकडे झाले आणि आशियाई जातींना युट्रोपिस हे नाव मिळाले. पुढे २०१२ च्या संशोधनातून असे दिसले, की आग्नेय आशियातून भारतात आलेल्या पूर्वजांपासून इथल्या अनेक जाती इथेच फुटत गेल्या.

बाहेरून इतका सारखेपणा असताना आत केवढा फरक असू शकतो, हे प्रजननातून कळते: कॅरिनाटाची मादी अंडी घालते, तर ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारी युट्रोपिस मल्टिफॅसियाटा ही तिची बहीण थेट पिलांना जन्म देते.