रुळांची रुंदी आणि माणसांची ओळख

पाच देशांतली तीस-चाळीस मुलंमुली एखाद्या छोट्या गावात दहा दिवस एकत्र राहतात. सकाळी सायकली दुरुस्त करतात, दुपारी गावाचा नकाशा पसरून बस कुठून जावी यावर भांडतात आणि रात्री आपापल्या घरचं जेवण रांधून एकमेकांना वाढतात. युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतली युवा शिबिरं साधारण अशी असतात. वय १३ ते ३०, मुक्काम ५ ते २१ दिवस आणि मुलं १६ ते ६०. अलीकडे यांतल्या बऱ्याच शिबिरांत दोन विषय जोडीने येतात. एक शाश्वत वाहतूक, म्हणजे कमी धूर, कमी इंधन आणि सगळ्यांना परवडणारा प्रवास. दुसरा, वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाला समजून घेणं.

परभणीच्या किंवा धाराशिवच्या मुलाला इथे प्रश्न पडेल की बसचा आणि संस्कृतीचा संबंध काय? माझ्या मते तो फार जुना आहे, आणि तो ओळखायला मराठवाड्याच्या माणसाला युरोपात जायची गरज नाही. पण ही शिबिरं ज्या वाटेने इथवर आली ती वाट आधी पाहू.

तिचं एक टोक पायी चालण्यात आहे. १९०९ साली रिशार्ड शिरमान हे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळाने गाठलं आणि सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. चालत निघालेल्या मुलांना गावोगाव स्वस्तात पाठ टेकायला जागा हवी, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात पक्का झाला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उघडलं. छत्रपती संभाजीनगरात स्टेशन रोडवर पदमपुऱ्याजवळ जे यूथ होस्टेल आहे, त्याचं कूळ तिथे पोचतं. अजिंठा-वेरूळला आलेल्या कितीतरी परदेशी मुलांनी तिथे पथारी टाकली असेल.

दुसरं टोक युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधलं व्हर्दं आणि आजूबाजूची गावं बेचिराख झाली. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेझोल १९२० मध्ये काही स्वयंसेवकांना घेऊन तिथल्या एन नावाच्या खेड्यात पोचले. त्यांत जर्मन माणसंही होती. कालपर्यंत ज्यांच्या तोफा आग ओकत होत्या, त्यांच्याच देशाची माणसं घरं बांधायला आली, हे गावाला झेपलं नाही आणि काही महिन्यांत त्यांना जावं लागलं. काम अर्धं राहिलं, पण ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना त्यातूनच उभी राहिली. हेच सेरेझोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आले आणि मुझफ्फरपूर भागात पडलेली गावं पुन्हा वसवायला राबले. म्हणजे परदेशी स्वयंसेवकाने आपल्या मातीत येऊन पाटी उचलण्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर कोसळला आणि देशभरातून तरुण पोरं धावून आली, तेव्हा त्यांतल्या कुणी सेरेझोलचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमीच. रीत मात्र तीच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला संस्थांचं बळ मिळालं. पहिल्या युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका-चालकांची ‘एएफएस’ ही संघटना होती. तिने १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. गाडी चालवणाऱ्यांनीच पुढे मुलांच्या भेटी घडवाव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं. २२ जानेवारी १९६३ ला फ्रान्स आणि जर्मनीने एलिझे मैत्री-करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचं संयुक्त युवा कार्यालय निघालं. त्याच्यामार्फत आजवर नव्वद लाखांवर तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले. पिढ्यानपिढ्या एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन देशांनी आपली मुलं एकमेकांच्या घरी मुक्कामाला धाडली. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे आधी कुठे झाल्याचं मला आठवत नाही.

यात वाहतुकीचा विषय शिरला तो सत्तरच्या दशकात. १९७२ मध्ये २१ वर्षांखालच्या तरुणांसाठी ‘इंटररेल’ हा रेल्वेपास निघाला. एका पासावर महिनाभर एकवीस देश. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. तिथे त्या काळात रस्त्यावर मोटारींखाली सापडून मुलं मरत होती आणि त्याविरुद्ध पालक पेटून उठले होते. आज ज्या डच सायकलवाटांचे फोटो आपण कौतुकाने बघतो, त्यांच्यामागे हा राग आहे. त्या वाटा सरकारने आपण होऊन दिल्या नाहीत, लोकांनी त्या मागून घेतल्या.

त्यानंतरचा प्रवास भराभर झाला. १९८७ मध्ये विद्यापीठातल्या मुलांच्या देवाणघेवाणीची ‘इरॅस्मस’ योजना, १९९२ ची रिओची पर्यावरण परिषद, आणि १९९० पासून युरोपातले तरुण दर उन्हाळ्यात काढत आलेली ‘इकोटोपिया’ सायकलयात्रा. २०१८ मध्ये ‘डिस्कव्हर ईयू’ आलं आणि अठरा वर्षांच्या मुलांना रेल्वेचे पास मिळू लागले. शिबिराला विमानाऐवजी रेल्वेने, बसने, सायकलने येणाऱ्यांना आता इरॅस्मस प्लसमध्ये जास्तीचं प्रवास-अनुदान मिळतं. युरोपीय संघाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक चतुर्थांश वाहतुकीतून येतात. पर्यावरणाच्या शिबिरालाच विमानाने जायचं हे मुलांना खटकू लागलं होतं.

इथवर वाचून वाटेल की हे सगळं तिकडचं. मला तसं वाटत नाही. १ जून १९६२ ला सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून खिशात पैसा न ठेवता पायी निघाले. विनोबांचा आशीर्वाद होता आणि अण्वस्त्रांना विरोध हा हेतू होता. पाकिस्तानातून पुढे जात मॉस्को, पॅरिस, लंडन आणि अखेर वॉशिंग्टन. समुद्र तेवढा जहाजाने ओलांडला. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, त्याच्या घरचं खायचं, त्याच्याशी बोलायचं. ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हा शब्द कार्यशाळांच्या फळ्यावर यायच्या कितीतरी आधी दोन भारतीय पोरांनी तो चालून दाखवला होता.

महाराष्ट्रात साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्या घरात राहावं. गुरुजी १९५० साली गेले, पण लातूर-बीडच्या पट्ट्यात, अंबाजोगाईसारख्या गावांत हे काम जिवापाड जपणारे कार्यकर्ते निघाले. पुढे १९८५ मध्ये बाबा आमटेंनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा काढली. तरुण मुलंमुली सायकलवर आणि पाठीच्या दुखण्यामुळे बाबा गाडीत आडवे. पाच हजार किलोमीटर. सायकल, तरुण आणि वेगळी भाषा बोलणारं गाव हे तिन्ही तिथे एकत्र आलेच होते. आज सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. ती कल्पना गुरुजींच्या कल्पनेच्या नात्यातलीच आहे.

आता मराठवाड्याकडे येतो, कारण मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तगर ही दोन नावं आहेत. तगर म्हणजे आपलं तेर. तिथला माल गाड्यांवर लादून, वाट धड नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरात जाई. भडोचहून पैठण वीस दिवसांवर, तिथून तेर आणखी दहा दिवस पूर्वेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमशी चाललेल्या त्या व्यापाराच्या खुणा आजही बघायला मिळतात. बैलगाडीच्या चालीने का होईना, हा मुलूख जगाशी जोडलेला होता. नामदेव इथल्याच नरसीचे. ते पायी पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून आलेला.

मग हा मुलूख ‘मागास’ कधी झाला? माझं उत्तर असं की रुळांनी तो मागे ठेवला. निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला तो मीटरगेज. मनमाडला ब्रिटिशांची मोठी लाईन, आपली लहान. त्यामुळे कापसाच्या गाठी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत आणि माणसांनाही तिथेच गाडी बदलावी लागे. लातूरला १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाईट तर अवघी अडीच फूट रुंदीची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली आणि तिचं कौतुक परदेशांतही झालं. पण लातूरकरांना तिच्यातून सुटायला २००७-०८ उजाडलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरला हीच छोटी गाडी येत होती. ती मोठी झाली म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात येऊ शकली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर.

म्हणून मराठवाड्यात रेल्वे हा तरुणांचा प्रश्न राहिला. १९७४ च्या विकास आंदोलनात वसमतला गोळीबार होऊन विद्यार्थ्यांचे जीव गेले. नोकऱ्या आणि शिक्षण यांच्या जोडीने रुंद लोहमार्ग ही त्या चळवळीची मागणी होती, आणि स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफांसारखे लोक ती पुढे वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. मनमाडकडून रुंदीकरण झालं ते नव्वदच्या दशकात. बीडने तर त्याहून जास्त वाट पाहिली. तिथून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. डच पालकांनी रस्ता मागितला, आमच्या विद्यार्थ्यांनी रूळ मागितले. या दोन गोष्टी एका शिबिरात शेजारी बसवून सांगितल्या तर दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांचं बरंच काही कळेल.

रूळ नव्हते तिथे यष्टीने गाडा ओढला. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा काढली होती. महाराष्ट्रात आल्यावर लाल परी आली. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू, बोनेटवर टेकलेली आजी. चाळीस-पन्नास माणसं एका गाडीत जातात आणि अनोळखी माणसाच्या डब्यातली भाकरी खातात. शाश्वत वाहतुकीची व्याख्या करायला याहून वेगळं काय लागतं? मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाल्यावर स्टँडवरची गर्दी कशी बदलली, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी उभं राहून बघावं. मानव विकास कार्यक्रमाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. त्यातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या बस धावतात, मोफत. आठवी-नववीत शाळा सुटण्याचं एक मोठं कारण शाळेपर्यंतचं अंतर हे होतं. बस ही तिथे थेट शिक्षणाची सोय आहे. युरोपातून कुणी शिकायला आलं तर मी त्याला आधी या बसमध्ये बसवीन.

पण येईल कोण, आणि आपलं कोण जाईल? इथे खरी अडचण आहे आणि ती मला टोचते. इरॅस्मस प्लसची युवा शिबिरं मुख्यतः युरोपीय देश आणि त्यांचे शेजारी यांच्यापुरती आहेत. भारत त्यात बसत नाही. आपल्याला खुली आहे ती मुख्यतः पदव्युत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे हुशार आणि इंग्रजी पक्की असलेल्यांची. जर्मन सरकारच्या ‘वेल्टवेर्ट्स’ या स्वयंसेवा योजनेत २००८ पासून जर्मन मुलं भारतासारख्या देशांत येत आहेत, पण उलट दिशेचं दार उघडलं ते २०१३ मध्ये. म्हणजे पाच वर्षं पाहुणे तेवढे येत होते, यजमानांना बोलावणं नव्हतं. पासपोर्ट आता जिल्ह्याच्या पोस्टात होतो, २०१७ पासून ती सोय मोठी झाली. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मात्र हिंगोलीच्या मुलीला पुण्या-मुंबईची रात्र काढावीच लागते. बँकेत किती शिल्लक आहे, परत येशील याचा पुरावा काय, हे प्रश्न तिला विचारले जातात. तिच्याकडे येणाऱ्या जर्मन मुलाची अशी झडती होत नाही. रुळांची रुंदी एक झाली तरी मनमाडला गाडी बदलायला लावण्याचा हा प्रकार अजून शिल्लक आहे.

त्यामुळे आधी घरातूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराक, सुदान, थायलंड अशा देशांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. २०२३ च्या जानेवारीत परभणीहून निघालेले थायलंडचे ११० भिक्खू मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत चालत गेले आणि वाटेवरच्या वस्त्यांनी त्यांना घरच्यासारखं जेवू घातलं. छत्रपती संभाजीनगर शहरात २०१९ पासून स्मार्ट बस आहे. वाळूजला १९८५ पासून दुचाक्या बनतात आणि बिडकीनला आता विजेच्या गाड्यांच्या कारखान्यांची तयारी चालू आहे. येमेनच्या साना आणि इराकच्या बगदादमधल्या मुलांना त्यांच्या शहरात बस कशी चालायची, युद्धात ती कशी बंद पडली, हे आपण कधी विचारलं आहे का? त्यासाठी व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही. विद्यापीठाच्या गेटसमोरच्या थांब्यावर ती मुलं आत्ता, या क्षणी, आपल्याच मुलांच्या शेजारी सिटी बसची वाट बघत उभी असतील.