कोचिंगमधलं ऐकणं : पार्श्वभूमी

कोच, म्हणजे माणसाला कामातल्या प्रश्नांवर स्वतःच विचार करायला मदत करणारा, समोरच्याबद्दल मत न बनवता ऐकतो. या पद्धतीचं मूळ बहुतेक वेळा मानसोपचारात दाखवलं जातं. कारखान्याचा भाग त्यात गळतो.

शिकागोलगतच्या सिसेरो गावात टेलिफोनची उपकरणं बनवणारा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२८ मध्ये कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि १९३० पर्यंत वीस हजारांहून अधिक जणांशी बोलणं झालं. आधी ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र प्रश्न सोडून आपल्या मनातलंच बोलत. म्हणून १९२९ मध्ये प्रश्नावली बाजूला ठेवली गेली. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. माणूस काय सांगतोय, काय टाळतोय आणि मदतीशिवाय काय सांगूच शकत नाही, तिकडे लक्ष द्यायचं. अर्ध्या तासाची मुलाखत सरासरी दीड तासावर गेली. कोचिंगमधल्या ऐकण्याचं एक मूळ इथे दिसतं.

मंदीत हे काम थांबलं आणि १९३६ मध्ये कायमस्वरूपी समुपदेशन म्हणून परत आलं. तेव्हाचा एक निर्णय आजही वादाचा आहे. समुपदेशकाने ऐकायचं, गुप्तता पाळायची, पण तक्रार वरिष्ठांकडे न्यायची नाही आणि तिच्यावर स्वतःही काही करायचं नाही. अधिकार हाती आला की कामगार मोकळेपणाने बोलणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो खोटा नव्हता. पण अमेरिकेत कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा १९३५ मध्ये झाला होता. म्हणून कामगार संघटनेकडे जाण्याआधीच त्याची वाफ बंद खोलीत जिरवण्याची ही सोय आहे, अशी टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. कमी पगाराचं गाऱ्हाणं कितीही आपुलकीने ऐकलं तरी पगार वाढत नाही, आणि ऐकणाऱ्याचा पगार मालकच देत होता. १९५० च्या दशकात ही योजना गुंडाळली गेली.

दरम्यान १९४२ मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सूचना न देणाऱ्या समुपदेशनावर पुस्तक लिहिलं. सत्रांचं ध्वनिमुद्रण करून आपण खरंच कसं ऐकतो हे तपासण्याची शिस्त त्याच्या गटाने आणली. १९५७ मध्ये त्याने सहकाऱ्यासोबत उद्योगांसाठी सक्रिय श्रवणावर पुस्तिका काढली. पुढे १९६६ च्या एका विश्लेषणात दिसलं, की तोही काही बोलण्याला नकळत जास्त प्रतिसाद देत होता. पूर्ण तटस्थ ऐकणं मुळातच अवघड, हे तेव्हापासून नोंदलेलं आहे.

सत्तरच्या दशकात टेनिसच्या प्रशिक्षणातून, फटक्याला चांगला-वाईट न म्हणता पाहण्याचा विचार व्यवस्थापनात आला. नव्वदच्या दशकात कोचच्या संघटना आणि प्रमाणपत्रं आली, आणि ऐकणं हे मोजायचं कौशल्य झालं.

कंपनीने नेमलेल्या कोचिंगमध्ये शिकणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. म्हणून आचारसंहितांनी या दोघांत फरक केला, आणि कोणती माहिती कोणापर्यंत जाईल हे सुरुवातीलाच ठरवायला सांगितलं. ऐकलेल्या तक्रारीचं पुढे काय करायचं, हे मात्र प्रत्येक करारावर सोडलेलं आहे.