लष्कराच्या जुन्या ट्रेलरचा कॅम्पिंग ट्रेलर करताना: खरेदीची पात्रता, मालकीचे कागद आणि नोंदणी

अमेरिकी लष्कराचा निकाली निघालेला ट्रेलर समोर आला की डोक्यात लगेच आखणी सुरू होते. तंबू कुठे बसेल, पाण्याची टाकी कुठे, शेगडीचा कप्पा कुठल्या बाजूला. कागदपत्रांची आठवण बहुतेकांना बऱ्याच उशिरा होते. तोपर्यंत सँडब्लास्टिंग होऊन दोन हात रंग चढलेला असतो आणि अनुक्रमांकाची पट्टी कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे कागद आधी घेतले आहेत, वेल्डिंग नंतर. नियम अमेरिकेचे आहेत आणि त्यातले बरेच राज्यागणिक बदलतात. जिथे राज्याचं नाव दिलं आहे, तो नियम त्या राज्यापुरताच धरावा.

लोक बहुधा दोन प्रकारचे ट्रेलर घेतात. एक म्हणजे एम४१६, एम१५१ जीपमागे लावायचा पाव टनाचा छोटा ट्रेलर. खडबडीत वाटेवर त्यावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो माल चालतो. दुसरा हमव्ही या मोठ्या लष्करी गाडीमागचा एम११०१ किंवा एम११०२. तो ॲल्युमिनियमचा असतो, बराच मोठा असतो आणि त्याला ट्रेलरच्याच रेट्याने लागणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात. एम४१६ला चालत्या गाडीचे ब्रेक नसतात, फक्त उभा करताना लावायचा हातब्रेक असतो. हा फरक पुढे कागदावर महत्त्वाचा ठरतो.

विकत कोण घेऊ शकतं

लष्कराला नको असलेलं सामान डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस हा विभाग निकाली काढतो. त्याचं मुख्यालय मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आहे. सामान आधी लष्कराच्याच इतर शाखांना, मग इतर सरकारी खात्यांना, त्यानंतर राज्यांना आणि दान घेण्यास पात्र संस्थांना दाखवलं जातं. त्यातून उरलेलं जनतेसाठी लिलावात येतं. चाकांवरच्या सामानाची विक्री २०१४पासून गव्हप्लॅनेट या संकेतस्थळावरून होत आली आहे. बोली लावणारा किमान १८ वर्षांचा हवा, ओळखपत्र वैध हवं आणि सरकारी व्यवहारातून बाद केलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नसावं.

प्रत्येक वस्तूला एक डिमिल कोड असतो, म्हणजे विकण्याआधी तिचं लष्करी स्वरूप मोडावं लागेल का ते सांगणारं अक्षर. ‘ए’ कोड असेल तर पुढचं सोपं. वस्तू नियंत्रित गटातली असेल तर अंतिम वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे एंड-यूज सर्टिफिकेट, भरावं लागतं. घेणारा कोण, वस्तू कुठे ठेवणार, कशासाठी वापरणार, देशाबाहेर नेणार का, असे प्रश्न त्यात असतात. मंजुरी येईपर्यंत ट्रेलर ताब्यात मिळत नाही, आणि त्यात काही आठवडे सहज जातात. उत्तरं सरळ आणि खरी द्यावीत. ‘खासगी वापरासाठी कॅम्पिंग ट्रेलर करणार’ हे अगदी पुरेसं कारण आहे.

माल बऱ्याचदा लष्करी तळावरूनच उचलायचा असतो. आधी वेळ ठरवावी लागते, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र लागतं. त्या दिवशी ट्रेलरला नंबर प्लेट नसते, दिवेही तुमच्या गाडीशी जुळत नाहीत. तो मोठ्या ट्रेलरवर चढवून आणणं उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचा कागद: एसएफ-९७

या फॉर्मचं पूर्ण नाव ‘वाहनाची मालकी मिळवण्यासाठी अमेरिकी सरकारचं प्रमाणपत्र’ असं आहे. नावातच खुलासा आहे: हा मालकीचा दाखला नव्हे, तो मिळवण्यासाठी राज्याच्या वाहन विभागात द्यायचा कागद आहे. त्याच्याशिवाय हातात फक्त विक्रीची पावती राहते आणि काम कितीतरी अवघड होतं. म्हणून बोली लावण्यापूर्वी जाहिरातीत एसएफ-९७ मिळणार असं स्पष्ट लिहिलंय का, ते वाचा.

एका शब्दाने इथे बरेच फसतात. जाहिरातीत ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं दिसलं की कॅम्पिंगवाल्याला आनंद होतो, आपल्यालाही तेच हवंय ना! पण सरकारी भाषेत त्याचा अर्थ उलटा आहे: ही वस्तू सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी विकलेली नाही आणि नोंदणीचा कागद मिळेलच असं नाही. जंगलाच्या टोकापर्यंत जायलाही हमरस्ता ओलांडावा लागतोच. शिवाय राष्ट्रीय वनांमध्ये कुठली वाट कुठल्या वाहनाला खुली आहे याचे अधिकृत नकाशे असतात, आणि त्यातल्या कित्येक कच्च्या वाटा फक्त रस्त्यावर चालवण्यास कायदेशीर असलेल्या वाहनांनाच खुल्या असतात. म्हणजे ऑफ-रोड ट्रेलरला रस्त्याची नोंदणी हवीच.

एसएफ-९७ हातात आला की त्यावरचा क्रमांक ट्रेलरच्या डेटा प्लेटशी, म्हणजे माहिती कोरलेल्या धातूच्या पट्टीशी, अक्षर न् अक्षर ताडून पाहा. लष्करी पट्टीवर दोन-तीन वेगळे आकडे असतात. २३३०ने सुरू होणारा १३ आकडी क्रमांक हा राष्ट्रीय साठा क्रमांक असतो. तो त्या मॉडेलच्या सगळ्या ट्रेलरांना एकच असतो, आणि घाईत तोच ओळख क्रमांक म्हणून उतरवला जाऊ शकतो. तुम्हाला हवा असतो तो अनुक्रमांक. तफावत दिसली तर लगेच विक्रेत्याकडून दुरुस्ती मागा, वाहन विभागाच्या खिडकीपाशी गेल्यावर ती होत नाही. पट्टीचे जवळून फोटो काढा, आणि रंगकाम करताना ती झाका, सोलू नका. ओळख क्रमांकाची पट्टी काढणं किंवा बदलणं हा अनेक राज्यांत गुन्हा आहे.

वाहन विभागाच्या खिडकीपाशी

सोबत न्यायचं: एसएफ-९७ची मूळ प्रत, विक्रीची पावती, राज्याचा मालकी-नोंदणीचा अर्ज, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कर आणि शुल्काची रक्कम. अर्ज कॅलिफोर्नियात आरईजी ३४३ असतो, टेक्ससमध्ये १३०-यू. ट्रेलर प्रत्यक्ष पाहून क्रमांक पडताळणीही होऊ शकते. कॅलिफोर्नियात त्या पडताळणीचा फॉर्म आरईजी ३१ आहे. वजनकाट्याची पावती आधीच घेतलेली बरी.

दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: ‘क्रमांक १७ अक्षरी नाही.’ १७ अक्षरी पद्धत १९८१च्या मॉडेलांपासून आली, आणि लष्करी ट्रेलरचा अनुक्रमांक त्या पद्धतीचा नसतो. संगणक तो स्वीकारत नसेल तर राज्याकडून नवा ओळख क्रमांक मागता येतो. दुसरा: ‘सुरक्षा मानकांचं लेबल कुठे आहे?’ सैन्यासाठी बनवून थेट सैन्याला विकलेल्या वाहनांना ती संघीय मानकं लागूच नव्हती. हा अपवाद संघीय नियमावलीच्या शीर्षक ४९, कलम ५७१.७ मध्ये आहे. त्या पानाची छापील प्रत सोबत ठेवा. समोरच्या कर्मचाऱ्याने असा ट्रेलर कदाचित कधी पाहिलेला नसतो. नियम शांतपणे दाखवला तर त्याचंही काम सोपं होतं.

तिसऱ्या-चौथ्या हाताने, कागदाविना घेतलेल्या ट्रेलरसाठी काही राज्यांत हमीपत्रावरचा मालकी दाखला मिळतो. खरा मालक पुढे आला तर भरपाईची हमी म्हणजे हे हमीपत्र. टेक्ससमध्ये वाहनाच्या किमतीच्या दीडपट रकमेचं हमीपत्र घ्यावं लागतं आणि ते तीन वर्षं चालू राहतं. दुसरा मार्ग घरी बांधलेला ट्रेलर म्हणून नोंदणी करण्याचा. त्यात सुट्या भागांच्या पावत्या आणि तपासणी लागते. लष्करी ट्रेलर घरी बांधल्याचं खोटं सांगून मात्र हा मार्ग धरू नये. पट्टी, फ्रेम आणि एक्सल पाहून जाणकार तपासनिसाला ते लगेच कळतं.

मालवाहू की कॅम्पिंग?

या प्रश्नावर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. मालवाहू ट्रेलरवर तंबू बांधला तर तो बहुधा मालवाहूच राहतो. आत कायमची झोपण्याची जागा, ओटा, वायरिंग केलं की काही राज्यांत प्रकार बदलतो आणि प्रकाराबरोबर अटीही. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे १६ फुटांपर्यंत लांब आणि ९६ इंचांपर्यंत रुंद, मनोरंजनासाठी राहण्याजोगा ट्रेलर ‘कॅम्प ट्रेलर’ ठरतो आणि तंबूचा ट्रेलरही त्यातच येतो. १ जानेवारी १९६६नंतर बनलेल्या आणि नोंदलेल्या साध्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती ३,००० पौंडांपासून आहे, कॅम्प ट्रेलरला मात्र १,५०० पौंडांपासूनच. एम४१६ रिकामा ६०० पौंडांच्या आत असतो. पण त्यावर पेटी, बॅटरी, टाकी, छताचा तंबू असं चढवत गेलात तर तो १,५०० केव्हा ओलांडेल ते कळणारही नाही. त्याच्या मूळ बनावटीची मर्यादा तर त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून आखणीच्या कागदावर प्रत्येक वस्तूपुढे वजन लिहा आणि प्रकार त्यानंतरच ठरवा.

टेक्ससमध्ये ४,००० पौंडांपर्यंतच्या साध्या ट्रेलरला मालकीचा दाखला ऐच्छिक आहे. तरी घ्यावा, विकताना उपयोगी पडतो.

तपासणीआधी करायचे बदल

लष्करी दिवे २४ व्होल्टचे, जोडणी १२ पिनांची. ती काढून १२ व्होल्टचे दिवे बसवावे लागतात: मागचे, ब्रेकचे, वळणाचे, नंबर प्लेटवरचा आणि बाजूचे रिफ्लेक्टर. हमव्हीचा ट्रेलर ८० इंचांहून रुंद असल्याने त्याला रुंदी दाखवणारे दिवे आणि मागे मधोमध तीन लाल दिवेही लावा. पुढची लोखंडी कडी पिंटल हुकातच, म्हणजे लष्करी गाडीमागच्या जाड आकड्यातच, बसते. तुमच्या गाडीला ओढण्यासाठी गोल बॉल असेल तर कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाचा जोड, बदलावा लागेल. सुरक्षा साखळ्या दोन, एकमेकींना छेद देऊन.

विमा शेवटी, पण पहिल्या सहलीआधी. ओढताना झालेल्या अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी सहसा गाडीच्या विम्यात येते. ट्रेलर स्वतः चोरीला गेला किंवा उलटला तर त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. घरी रूपांतर केलेल्या ट्रेलरची किंमत कंपनीच्या तक्त्यात नसते, ती तुम्हालाच पावत्या आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो दाखवून सिद्ध करावी लागते. पहिला फोटो त्या डेटा प्लेटचाच ठेवा.