नेट ‘स्लो’ होतं तेव्हा नेमकं काय मंदावतं?

‘आज नेट फार स्लो आहे’ असं कुणी म्हणालं, की मला राहवत नाही. माहिती तारेतून रेंगाळत येते, असा गैरसमज त्यात दडलेला असतो. काचतंतूतला प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, नेट चांगलं असो की वाईट. अडतं ते रांगेत.

जुन्या टेलिफोनमध्ये बोलणं संपेपर्यंत अख्खी लाइन दोघांसाठी अडकून राहायची. १९६०च्या दशकात पॉल बॅरन आणि डोनाल्ड डेव्हिस या दोन संशोधकांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली: माहितीचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि एकाच तारेवरून सगळ्यांचे तुकडे सोडा. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. ते बहुधा १५०० बाइटच्या आतलं असतं. एक प्रिंटर साऱ्या ऑफिसला पुरतो, एक फाइल दहा जण उघडतात, हे सगळं या वाटून घेण्यातूनच आलं.

पण तार सामाईक म्हटली की गर्दी आलीच. राउटर म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणारं यंत्र. त्यातली रांग भरली, की पुढची पॅकेटं राउटर सरळ टाकून देतो. पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, म्हणून तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. सगळेच असं करू लागले तर? ऑक्टोबर १९८६मध्ये तेच झालं. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर, पण त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला!

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी शोधलेला उपाय मला आजही थक्क करतो. आधी एकच पॅकेट पाठवायचं. पोच आली की दोन, मग चार, मग आठ. एखादं हरवलं तर ती गर्दीची खूण समजायची, एका वेळी वाटेवर किती पॅकेटं असावीत ती मर्यादा निम्म्यावर आणायची आणि पुढे दर फेरीला एकेकच पॅकेट वाढवायचं. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. समजा, पोच न येता १० पॅकेटं वाटेवर असू शकतात आणि पोच यायला ०.१ सेकंद लागतो. मग सेकंदाला १०० पॅकेटं, म्हणजे दीड लाख बाइट जातात. मर्यादा निम्मी झाली की वेगही निम्मा. पोच यायला दुप्पट वेळ लागला, तरी तेच. प्रत्येक संगणक आपणहून मागे सरतो. त्याला तसं करायला लावणारं वर कुणी बसलेलं नाही.

फोनमधली ‘स्पीड बूस्टर’ ॲप्स म्हणूनच निव्वळ फसवी आहेत. रांग दूरच्या राउटरमध्ये असते. तिथे त्या ॲपचा हात पोचत नाही.

सगळे आपणहून नीट वागतील, या विश्वासावर हे जाळं चालतं. त्याच्या तोट्याचं मूळही याच विश्वासात आहे. नेटवर्क पत्ता बघतं, हेतू बघत नाही. २ नोव्हेंबर १९८८ला एका विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, अंदाजे ६ हजार संगणकांत शिरला. ‘इथे मी आधीच आहे का?’ हे तो विचारायचा, पण उत्तर ‘हो’ आलं तरी सातातून एकदा मुक्काम ठोकायचा. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रं गुदमरली. त्याला रोखायचं कसं, हे सांगणारा निनावी संदेश काही तासांतच पाठवला गेला होता. पण धास्तीने अनेकांनी आपले संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवले होते, त्यामुळे तो वेळेत पोचलाच नाही.