लघुमोटारी, प्रमाणबद्ध

लघुमोटारी, प्रमाणबद्ध : प्रत्यक्षातील मोटारीची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडवलेली प्रतिकृती. खेळण्यातील मोटार आणि प्रमाणबद्ध लघुमोटार यांच्यातील सीमा पुसट आहे. आज काचेच्या कपाटात ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक जुन्या लघुमोटारी मुलांनी फरशीवर पळवण्यासाठीच तयार झाल्या होत्या. या नोंदीत ‘जुन्या’ हा शब्द साधारणपणे १९८० पूर्वीच्या नमुन्यांसाठी वापरला आहे. ही मर्यादा सोयीची आहे, कारण ब्रिटनमधील तीन प्रमुख कारखाने १९७९ ते १९८३ या थोड्या काळात बंद पडले किंवा दुसऱ्यांच्या हाती गेले.

प्रमाण : सर्वांत रुळलेले प्रमाण १:४३ हे आहे. हा विचित्र वाटणारा आकडा मोटारींच्या नव्हे, तर खेळण्यातील आगगाड्यांच्या हिशोबातून आला. ‘ओ’ गेज (दोन रुळांमधील अंतराचे एक ठरावीक माप) रुळांसाठी ब्रिटनमध्ये एका फुटाला ७ मिमी. असे माप धरत आणि त्याचे गुणोत्तर १:४३·५ येते. त्याच गेजसाठी जर्मनीत १:४५, तर अमेरिकेत पाव इंचास एक फूट म्हणजे १:४८ असे माप धरले जाई. स्थानकाबाहेर उभी करायची मोटार गाडीच्या डब्याशी जुळावी, एवढाच मूळ हेतू होता. रेल्वे मागे पडली, आकडा मात्र टिकला. १:२४ हे अर्ध्या इंचास एक फूट या मापाचे रूप आहे. मोठ्या तपशिलाच्या धातूच्या मोटारी १:१८ मध्ये, तर खिशात मावणाऱ्या १:६४ च्या आसपास असतात. ‘मॅचबॉक्स’ या ब्रिटिश मालिकेच्या सुरुवातीच्या मोटारींना मात्र कोणतेही एक प्रमाण नाही. रोडरोलर असो वा दुमजली बस, तो पेटीत मावला पाहिजे, हाच नियम होता. संग्राहक याला थट्टेने ‘पेटीचे प्रमाण’ म्हणतात.

उगम : पहिली लघुमोटार कोणती, या प्रश्नाचे उत्तर ‘लघुमोटार’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे आणि अभ्यासकांत एकमत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूरेंबर्ग व आसपासच्या जर्मन कारखान्यांतून पत्र्याच्या, चावीच्या मोटारी निघत होत्या. पण त्या ठरावीक मोटारीचे मोजून केलेले रूप नव्हत्या. ओतीव धातूच्या मोटारींपुरते पाहिले, तर शिकागोच्या डाउस्ट बंधूंचे नाव बहुतेक ठिकाणी आधी येते. हे बंधू धोबी व्यवसायासाठी एक नियतकालिक चालवत. १८९३ च्या शिकागो विश्वप्रदर्शनात त्यांच्यापैकी एकाने छपाईचे खिळे ओतणारे लायनोटाइप यंत्र पाहिले आणि त्याच तत्त्वावर कॉलरची बटणे व बारीकसारीक वस्तू ओतायला सुरुवात केली, असे सांगतात. त्यांची बंद टपाची छोटी मोटार १९११ च्या सुमाराची मानली जाते (काही ठिकाणी १९१० दिले आहे) आणि फोर्ड ‘मॉडेल टी’ची प्रतिकृती १९१४ किंवा १९१५ ची. ‘टूट्सीटॉय’ हे नाव त्यानंतरचे, १९२० नंतरच्या दशकातले आहे. ते घरातील एका मुलीच्या लाडक्या नावावरून पडले, अशी आख्यायिका आहे.

दुसरा दावा फ्रान्सचा. आंद्रे सित्रोएन यांनी १९२३ पासून आपल्याच मोटारींच्या पत्र्याच्या १:१० प्रतिकृती करवून घेतल्या. मुलाच्या हाती आज जी गाडी आहे तीच तो मोठेपणी विकत घेईल, हा त्यामागचा व्यापारी हिशोब होता. खरी मोटार बनवणाऱ्यानेच मापे पुरवल्यामुळे प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर हा दावा डाउस्ट बंधूंच्या दाव्यापेक्षा भक्कम ठरतो.

तिसरा दावा ब्रिटिश ग्रंथांत हटकून आढळतो. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील ‘मेकॅनो’ कारखान्याने १९३३ च्या अखेरीस ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ नावाने २२ क्रमांकाचा सहा वाहनांचा संच आणला. फ्रँक हॉर्नबी यांची ही कंपनी. १९३४ मध्ये या मालाला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. संचात दोन मोटारी, ट्रक, माल पोहोचवणारी व्हॅन, ट्रॅक्टर आणि रणगाडा होता. त्या मोटारी कोणत्याही ठरावीक उत्पादकाच्या नव्हत्या. नाव घेऊन ओळखता येतील अशा (डेमलर, व्हॉक्सहॉल, क्राइस्लर एअरफ्लो) मोटारी १९३५ च्या सुमारास आल्या. म्हणून १९३३ हे वर्ष ‘पहिली लघुमोटार’ यापेक्षा ‘रेल्वेच्या मापाला बांधलेली, क्रमांक देऊन विकलेली पहिली मालिका’ या अर्थाने घेणे अधिक योग्य दिसते. संग्रहाचा छंद मुख्यतः त्या क्रमांकांमुळे वाढला. २२अ मिळाली की २२ब हवीच असते.

कारखान्यांचा काळ : दुसऱ्या महायुद्धात उत्पादन थांबले आणि १९४५ नंतर जुन्या साच्यांवरच ते पुन्हा सुरू झाले. लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये लंडनला ‘लेस्नी’ काढली. साचे घडवणारे जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाले. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या रथाची त्यांची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून अधिक खपली. त्याच वर्षी ‘मॅचबॉक्स’ मालिका निघाली. काड्यापेटीत मावेल तेवढेच खेळणे शाळेत आणता येई, म्हणून ओडेल यांनी मुलीसाठी छोटा रोडरोलर केला, ही तिची प्रसिद्ध जन्मकथा आहे. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीने वेल्समधील स्वान्सी येथून ‘कॉर्गी’ मोटारी आणल्या. त्यांच्या खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक होते. डिंकीच्या खिडक्या तोवर उघड्या भोकांच्या होत्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने ‘हॉट व्हील्स’च्या पहिल्या १६ मोटारी विक्रीस काढल्या. बारीक आसांवर सुसाट पळणाऱ्या या गाड्यांपुढे ब्रिटिश माल जड वाटू लागला. बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद झाला, लेस्नी १९८२ मध्ये आणि मेटॉय १९८३ मध्ये कोसळली.

धातू आणि त्याची व्याधी : जुन्या लघुमोटारीचे वय, खरेपणा आणि उरलेले आयुष्य तिच्या रंगापेक्षा धातूवरून अधिक खात्रीने कळते. सुरुवातीच्या ओतीव मोटारी शिशाच्या मिश्रधातूच्या आहेत. त्या जड आणि मऊ असतात आणि नखाने दाबल्यास चरा उमटतो. १९३० नंतर शिशाची जागा जस्ताच्या मिश्रधातूने घेतली. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास विकसित केलेल्या या मिश्रधातूंच्या कुळाला ‘झामॅक’ म्हणतात. झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांब्याचे जर्मन नाव कुप्फर यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ब्रिटनमध्ये ‘मॅझॅक’ हे नाव रूढ आहे. यात ॲल्युमिनियम सुमारे ४ टक्के आणि मॅग्नेशियम जेमतेम ०·०४ टक्के असते. रस ३८५° से. च्या आसपास वितळतो, पोलादी साच्यात दाबाने भरता येतो आणि दाराच्या मुठीइतका बारीक तपशीलही उचलतो.

अट एकच : जस्त ९९·९९ टक्के शुद्ध हवे. शिसे ०·००५ टक्क्यांच्या वर गेले, किंवा कॅडमियम व कथिल त्याहूनही कमी प्रमाणात शिरले, तरी ओतीव भाग घट्ट होताना ही अशुद्धी स्फटिककणांच्या सीमांवर साचते. दमट, उबदार हवेत क्षरण त्या सीमांवरून आत शिरते. पृष्ठभाग प्रथम खडबडीत होतो. मग बारीक भेगांचे जाळे उमटते, भाग फुगतो, लांबी काही मिलिमीटरांनी वाढते आणि शेवटी मोटार हातातच तुकडे होऊन येते. बिघाड धातूच्या आतच असल्याने वरून रंग, लाख किंवा गोंद लावून तो थांबत नाही. कोरडी, थंड व फारसा चढउतार नसलेली हवा त्याला लांबवते, एवढेच. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातील दमटपणा या दृष्टीने घातक आहे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवणारे संग्राहक असतात. पण त्या वेळोवेळी तापवून वाळवल्या नाहीत तर त्यांचा उपयोग राहत नाही.

या व्याधीला इंग्रजी संग्राहक ‘मेटल फटीग’ म्हणजे धातूचा शीण म्हणतात. धातुविज्ञानात शीण हा वारंवार बदलणाऱ्या भारामुळे येतो आणि शेल्फवर स्वस्थ उभ्या असलेल्या मोटारीवर असा भार कुठून येणार? कथिलरोगाशी होणारी तुलनाही फसवी आहे. कथिलरोगात १३·२° से. खाली पांढऱ्या कथिलाचे करड्या कथिलात रूपांतर होते, म्हणजे स्फटिकरचनाच पालटते. जस्ताच्या बाबतीत तसे काही घडत नाही. म्हणून ‘आंतरकणीय क्षरण’ ही संज्ञाच येथे योग्य आहे. बोलण्यात ‘जस्ताची कीड’ म्हणायला हरकत नाही. युद्धपूर्व डिंकी मोटारी, विशेषतः १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील, हिला अधिक बळी पडलेल्या दिसतात. एकाच कारखान्यात शिसे आणि जस्त दोन्ही ओतले जात असल्याने भंगार पुन्हा वितळवताना भेसळ झाली, हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटते आणि ते संभाव्यही आहे. शिशाच्या मोटारींचे दुखणे वेगळे आहे. ओकच्या लाकडातून सुटणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफांनी त्यांवर पांढरी भुकटी जमते. म्हणून जुनी देखणी ओकची कपाटे त्यांना मानवत नाहीत.

बांधणी : सुट्या भागांपासून मोटार जुळवण्याचा छंद पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकमुळे घरोघरी पोहोचला. अमेरिकेत एएमटी कंपनी १९४८ पासून विक्रेत्यांसाठी १:२५ च्या जाहिराती प्रतिकृती करत होती. १९५८ पासून तिने एकाच संचातून तीन तऱ्हांची मोटार बांधता येईल असे संच आणले. जुन्या जाहिराती प्रतिकृतींपैकी बऱ्याच सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. त्यांची टपे आता वाकलेली असतात. इटलीच्या पोचेर कंपनीचे १:८ चे संच हजाराहून अधिक भागांचे असत. त्यांतील १९०७ ची फियाट १९६६ मध्ये आली. १९७० नंतर ब्रिटन व फ्रान्समध्ये सिलिकॉन रबराच्या साच्यात कथिलप्रधान मिश्रधातू किंवा रेझिन ओतून शे-दोनशे नगांचे संच निघू लागले. लेथवर पितळेतून एकेक भाग स्वतः कातणारेही आहेत. जेराल्ड विंग्रोव्ह यांच्या १:१५ च्या मोटारींत बॉनेट उचलताच खऱ्यासारखे इंजिन दिसते.

प्लॅस्टिकचा सिमेंट खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. हे ध्यानात न घेता जास्त सिमेंट लावला, की कडा वितळून तपशील जातो. सांध्यातील खाच भरायला लांबी (पुट्टी), मग पाण्यातला पॉलिश पेपर, अस्तर आणि रंगाचे पातळ हात हा क्रम धातूलाही लागू आहे. मऊ व्हिनाइलचे टायर कित्येक वर्षे प्लॅस्टिकच्या चाकावर राहिले तर टायरातील मृदुकारी द्रव्य चाकात उतरून ते वितळल्यासारखे होते, म्हणून मधे पातळ वेष्टण ठेवतात.

डागडुजी : डिंकी, कॉर्गी वगैरे मोटारींचा तळपत्रा टपाच्या आतील खुंट्यांना ठोकलेला असतो. खुंटीचे पसरलेले डोके ड्रिलने हलकेच कातून तळ काढतात. परत बसवताना खुंटीत भोक पाडून आटे पाडतात व बारीक स्क्रू लावतात. नीट केलेली मोटार त्या स्क्रूवरूनच ओळखू येते, आणि तो लपवू नये असा प्रामाणिक कारागिरांचा संकेत आहे. रंग काढायला कॉस्टिक सोडा सर्रास वापरतात. पण तीव्र अल्कली जस्तालाही खाते, म्हणून मोटार त्यात विसरणे परवडत नाही. रंग निघाल्यावरच खरी अवस्था कळते. भेगा दिसल्या तर काम तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

संग्रह आणि बनावट : किंमत मुख्यतः मूळ रंग आणि मूळ पेटी यांवर ठरते. झिजलेली पण अस्पर्शित मोटार नव्याने रंगवलेल्या चकचकीत मोटारीपेक्षा बहुधा महाग जाते, हे नवख्याला पटायला वेळ लागतो. कारखान्यातून निघाली तशी ती ‘कोड वन’, उत्पादकाच्या संमतीने बदललेली ‘कोड टू’ आणि इतर कोणी बदललेली ‘कोड थ्री’ अशी विभागणी रूढ आहे. दुकानांच्या नावांची अक्षरे असलेल्या युद्धपूर्व डिंकी व्हॅन सर्वांत दुर्मिळ. डब्ल्यू. ई. बॉइस या नावाची १९३७ च्या सुमाराची एक व्हॅन २००८ मध्ये सुमारे २० हजार पौंडांना विकली गेली. साध्या व्हॅनवर अक्षरे चिकटवून बनवलेल्या नकला याच प्रकारात अधिक सापडतात. पुन्हा छापलेल्या पेट्यांचा कागद जंबुपार प्रकाशात निळसर चमकतो, कारण आधुनिक कागदात शुभ्रता आणणारी द्रव्ये असतात. जुना पुठ्ठा मंद राहतो.

भारत : आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी मोटारी येथे क्वचितच अधिकृतपणे येत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही निवृत्त साचे कलकत्त्याला आले आणि त्यांवर ‘निकी टॉइज’ तयार झाल्या. तळपत्र्यावरील ‘डिंकी’ हे नाव साच्यातच खोडून त्यावर ‘निकी’ कोरले होते. हे काम इतके ओबडधोबड झाले, की तिरप्या प्रकाशात काही तळांवर जुन्या नावाच्या खुणा अजून दिसतात. ‘मिल्टन’ आणि ‘मॅक्सवेल’ हीसुद्धा कलकत्त्याचीच नावे. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या सहकार्याने १९८० नंतरच्या दशकात ‘लिओ मॅटेल’ नावाने हॉट व्हील्स भारतात बनल्या. त्यांचे रंग मूळ अमेरिकी मोटारींहून वेगळे असल्याने परदेशी संग्राहकही त्या शोधतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनी काळ्या-पिवळ्या रंगात १:४३ च्या टॅक्सी-मालिकांतून युरोपात निघाली आहे. पुण्यातील जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय १:८७ चे आहे. तेथील रस्त्यांवरच्या मोटारीही रेल्वेच्या मापालाच बांधलेल्या आहेत. सावंतवाडीच्या लाखेने रंगवलेल्या लाकडी गाड्या देखण्या असल्या, तरी त्या कोणत्याही मोटारीच्या मापाने केलेल्या नसल्यामुळे या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.