फेस बसला तरी चालेल

अंड्याचा पांढरा बलक फेटताना त्यात चिमूटभर मीठ घाला, आणि फेटायचं ते एकाच दिशेनं! एका इटालियन बिस्किटाची कृती शोधत होते, तर जिथं तिथं या दोन सूचना. एका दिशेचा नियम आपल्याकडेही केकपासून बेसनाच्या लाडवांपर्यंत सगळीकडे चालतो. पण प्रथिनाच्या रेणूला डावं-उजवं कळत नाही. विजेच्या हँड मिक्सरची दोन पाती तर एकमेकांच्या उलट दिशेनंच फिरतात, आणि फेस मस्त होतो. मिठाची सूचना मात्र नुसती निरुपयोगी नाही, उलटी आहे. मिठानं फेस यायला वेळ लागतो, आणि आलेला फेस लवकर पाणी सोडतो. चवीसाठी घाला, फेसासाठी नको.

ते बिस्किट म्हणजे 'ब्रुत्ती मा बुओनी', अर्थात 'कुरूप पण छान'. उत्तर इटलीत वारेसे सरोवराकाठी गाविराते नावाचं गाव आहे. तिथल्या कोस्तांतिनो वेनियानी या मिठाईवाल्यानं ते १८७८ मध्ये पहिल्यांदा केलं असं गावकरी सांगतात. पिएमोंतेतलं बोर्गोमानेरो आणि तोस्कानातलं प्रातो यांना ते मान्य नाही. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. साहित्य तीनच: दोन अंड्यांचा पांढरा बलक, दीडशे ग्रॅम साखर आणि दोनशे ग्रॅम भाजलेले हेझलनट. मैदा नाही, लोणी नाही. म्हणजे बिस्किट उभं राहतं ते फेसावर.

हा फेस होतो कसा? पांढऱ्या बलकात जवळजवळ ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिनं. प्रत्येक प्रथिन म्हणजे लोकरीचा गुंडा समजा. त्याचे पाण्याला नाखूश असलेले भाग आत दडलेले असतात. फेटताना हवेचे बुडबुडे शिरतात. हवा-पाण्याच्या सीमेवर गुंडा आला की तो उलगडतो: पाणी नको असलेले भाग हवेकडे तोंड करतात, बाकीचे पाण्यात राहतात. शेजारचे उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती जाळं विणलं जातं. वाटीभर बलकाचा आठ वाट्या फेस होऊ शकतो.

आता माझा आवडता भाग. या धाग्यांवर अधूनमधून गंधक आणि हायड्रोजनच्या जोड्या लोंबकळत असतात. फेटत राहिलं की अशा दोन जोड्यांतले हायड्रोजन निघून जातात आणि गंधकाला गंधक थेट चिकटतो. हा बंध भलताच मजबूत. थोडे झाले तर जाळं पक्कं. जास्त झाले तर धागे इतके आवळले जातात की मधलं पाणी पिळून बाहेर येतं. फेस रवाळ दिसतो, तळाशी पाणी साचतं. ते पुन्हा जुळत नाही. उपाय म्हणजे लिंबाचा रस, एका अंड्याला अर्धा चमचा. आम्लातल्या हायड्रोजनमुळे गंधकाला आपला हायड्रोजन सहजी सोडता येत नाही. फ्रेंच आचारी यासाठी तांब्याचं भांडं वापरतात. तिथं तांबं गंधकाची टोकं धरून ठेवतं. (दोन्ही एकदम नको. कल्हई नसलेल्या तांब्यात लिंबू पिळू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.) गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा असलेलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन फेटण्याला फारशी दाद देत नाही. त्याच्या चारही गंधक-हायड्रोजन जोड्या पोटात दडलेल्या असतात. ते उलगडतं ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि मगच ओला फेस घट्ट होतो.

या सगळ्याचा वैरी म्हणजे स्निग्धांश. पिवळ्या बलकाचा थेंब पडला तरी तो हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिनांची जागा बळकावतो आणि फेस येता येत नाही. आणि हेझलनटमध्ये तेल किती? ६० टक्के. म्हणजे आपण त्या नाजूक फेसात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तेल ओततोय!

पण ते तेल पेशींमध्ये सूक्ष्म पिशव्यांत बंद असतं. शेंगदाणे मिक्सरमध्ये दोनदा फिरवले तर भरड होते. आणखी फिरवले तर कूट ओलसर होऊन पात्याखाली गोळा बसतो, कारण पेशी फुटून तेल सुटलं. इथं भरड हवी.

तरीही फेस बसतोच, कारण पारंपरिक कृतीत तो मुद्दाम बसवतात. भरड मिसळलेला फेस पातेल्यात घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळायचा. पाणी उडतं, ओव्हाल्ब्युमिन आवळायला लागतं, मिश्रण कडा सोडतं आणि बदामी होतं. हा रंग येतो कुठून? नुसती साखर प्रथिनांशी सहजी रंग धरत नाही, पण पांढऱ्या बलकात थोडं ग्लुकोज असतं. शिवाय तो अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी मिश्रणात ग्लुकोज व प्रथिनांची खमंग रंग देणारी अभिक्रिया वेगानं होते. अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी करणारे कारखाने हे ग्लुकोज आधी काढून टाकतात, नाहीतर भुकटी साठवणीतच तपकिरी पडते.

मग चमच्यानं वेडेवाकडे ढीग टाकायचे आणि १५० अंशांवर अर्धा तास भाजायचे. फेस अर्धा मेलेला असल्यामुळे ते फुगत नाहीत, टाकले तसेच राहतात. हीच ती कुरूपता.

माझी पहिली खेप जुलैतली. भाजलेली साखर काचेसारखी असते, पण ती हवेतली वाफ ओढते आणि मऊ पडते. संध्याकाळपर्यंत बिस्किटं बोटांना चिकटायला लागली. पुन्हा १०० अंशांवर ठेवली की ती सुधारतात, पण कुरकुरीत होतात ती गार झाल्यावर. गरम असताना मऊच लागणार, हे विसरून मी ती आणखी अर्धा तास ठेवली. त्या खेपेला नावातलं पहिलंच विशेषण तेवढं लागू पडलं.